सर, जंपसीट मिळेल का?

विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे आणखी एक खुर्ची असते, काही विमानांत दोन. कागदोपत्री ती ऑब्झर्व्हर सीट, बोलण्यात जंपसीट. कितीही पैसे मोजले तरी तिचं तिकीट मिळत नाही. तिथे बसायचं तर मागावं लागतं, आणि मागणाऱ्यापाशी कामाचं कारण असावं लागतं. मी ती दरवर्षी मागते.

मी मुंबईत एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. प्रवाशांना आम्ही कधी दिसत नाही. विमान कोणत्या मार्गाने आणि किती उंचीवरून जाईल, वाटेत ढग कुठे आहेत, वारा किती, ठरलेल्या विमानतळावर उतरता आलं नाही तर दुसरा कोणता गाठायचा, आणि या सगळ्याला इंधन किती लागेल, याचा आराखडा उड्डाणाआधी आम्ही तयार करतो. विमान हवेत असेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवतो. कमांडर आराखडा वाचतो, पटला तर सही करतो, नाही पटला तर फोन करतो. इंधन वाढवून घ्यायचं त्याने ठरवलं की ते वाढतं. शेवटचा शब्द त्याचा.

आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीत, सहाव्या परिशिष्टात, आमच्याविषयी एक कलम आहे. डिस्पॅचर ज्या भागातली उड्डाणं सांभाळतो, त्या भागावरून त्याने गेल्या बारा महिन्यांत निदान एकदा तरी कॉकपिटमध्ये बसून प्रवास केलेला असला पाहिजे. अमेरिकेच्या नियमात वर्षाला किमान पाच तास असा हिशेब आहे. आमच्या बोलीत ही ‘फॅम फ्लाइट’. ज्या लोकांसाठी आपण कागद तयार करतो, ते तो कागद कोणत्या परिस्थितीत वाचतात, हे एकदा डोळ्यांनी बघून यावं, एवढाच त्यामागचा विचार. मला तो फार मोलाचा वाटतो.

परवानगीचे कागद कंपनी आधीच करून देते. तरीही विमानाच्या दाराशी पोचल्यावर मागणं चुकत नाही. “गुड ईव्हनिंग सर, मी डिस्पॅचमधून. फॅम फ्लाइटला तुमच्याबरोबर येऊ का? जंपसीट मिळेल का?” असं विचारायचं, पत्र आणि ओळखपत्र त्यांनी मागण्याआधी पुढे करायचं, आणि उत्तर येईपर्यंत उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. कॉकपिटमध्ये आधी पाय टाकून मग विचारणारे लोक मी पाहिले आहेत. कमांडरच्या चेहऱ्यावर ते लगेच उमटतं.

नकार येऊ शकतो, आणि तो कारणाशिवायही येऊ शकतो. कधी डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाचे निरीक्षक तपासणीसाठी त्या खुर्चीवर बसणार असतात, कधी विमान वजनाच्या मर्यादेला टेकलेलं असतं. एका कमांडरनी मला शांतपणे सांगितलं होतं, “आज नको. माझ्या फर्स्ट ऑफिसरचं ट्रेनिंग चालू आहे आणि पाऊस आहे. मागे कुणी बसलं की त्याचं अर्धं लक्ष मागे राहील.” मी थँक यू म्हणून परत फिरले. त्या माणसाच्या विमानात माझ्या घरचे बसलेले असते, तर मला फार निश्चिंत वाटलं असतं.

होकार मिळाला की खुर्ची उघडायची. एअरबस ए३२० मध्ये ती बाजूला सरकवून ठेवलेली असते, हवी तेव्हा मधोमध ओढून घ्यायची. एटीआर विमानात ती वाटेतच उघडते, त्यामुळे तुम्ही बसलात की दाराकडे जायचा रस्ता बंद. पाठ ताठ, पाय लांब करायला जागा नाही, खांद्यांवरून येणारे पट्टे आवळलेले. मग कमांडर किंवा फर्स्ट ऑफिसर तुम्हाला सूचना देतो. ऑक्सिजन मास्क कुठे आहे आणि त्याचे लाल चिमटे दाबल्यावर पट्टे कसे फुगतात, ते डोक्यावरून ओढून एका हाताने काही सेकंदांत कसं चढवायचं. ए३२० मध्ये दरवाजा अडकला तर बाजूची खिडकी सरकवून दोराने खाली कसं उतरायचं. हेडसेट कुठे लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दहा हजार फुटांखाली बोलायचं नाही.

या शेवटच्या नियमाला सायलेंट किंवा स्टराइल कॉकपिट म्हणतात. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत शार्लट इथे ईस्टर्न एअरलाइन्सचं एक डीसी-९ धुक्यात उतरताना धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं आणि ७० हून अधिक माणसं गेली. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा उतरण्याच्या त्या मिनिटांत वैमानिक राजकारण आणि जुन्या गाड्यांबद्दल गप्पा मारत होते असं निघालं. पुढे १९८१ मध्ये नियम आला, की टॅक्सी, उड्डाण, उतरणं आणि दहा हजार फुटांखालचा सगळा प्रवास यांत कामाशिवाय एक शब्दही नको. जंपसीटवरच्या माणसाला तर तो दुप्पट लागू. तुमचा एक साधा प्रश्न, “सर, हे काय आहे?”, कुणाचं तरी उंचीवरचं लक्ष काढून घेतो.

गप्प बसून काय दिसतं? मला जे दिसलं त्यातलं एक सांगते. जुलैतली संध्याकाळ होती, नागपूरहून मुंबई. आमच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर ढग म्हणजे नकाशावरचे रंगीत डाग. त्यांना वळसा घालणारी रेघ माऊसने ओढता येते. कॉकपिटमधल्या रडारवरही हिरवा, पिवळा, लाल असेच रंग, पण समोरच्या काचेतून तोच ढग भिंतीसारखा उभा होता आणि आतून उजळत होता. वैमानिकांनी डावीकडे वळायची परवानगी मागितली. तिकडे दुसरं विमान होतं, म्हणून कंट्रोलरने थांबायला सांगितलं. ढग तर थांबत नव्हता. त्या अर्ध्या मिनिटात दोघे वैमानिक आवाज न चढवता दुसरा मार्ग शोधत होते, आणि माझ्या आराखड्यातली ती सुबक रेघ केव्हाच निरुपयोगी झाली होती.

मुंबईजवळ आल्यावर गोल फिरत थांबायचा, म्हणजे होल्डिंगचा, निरोप आला. आपल्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. पावसामुळे एखाद्या विमानाने उतरता उतरता पुन्हा वर झेप घेतली, की मागची सगळी रांग लांबते. ए३२० ला असं फिरताना मिनिटाला साधारण ४० किलो इंधन लागतं. कमांडरनी विचारलं, “किती वेळ आहे?” फर्स्ट ऑफिसरने आकडेमोड करून सांगितलं, बारा मिनिटं. म्हणजे बारा मिनिटांनी, मुंबईचा नाद सोडून, अहमदाबादला निघायचं.

हे बारा कुठून आले, ते मला पाठ होतं. मुंबईपर्यंतचं इंधन, अंदाज चुकला तर म्हणून थोडं वर, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि सगळ्यात शेवटी १,५०० फुटांवर ३० मिनिटं उडता येईल एवढा राखीव साठा. या साठ्याला हात लागणार असं दिसलं, तर वैमानिकाला ‘मेडे फ्युएल’ जाहीर करावं लागतं. जास्त इंधन घेतलं की विमान जड होतं आणि ते वजन वाहून न्यायलाच इंधन जळतं, दर तासाला त्यातलं तीनेक टक्के. म्हणून आम्ही नेमकं मोजतो. ते बरोबरच आहे. पण एखादा कमांडर “मॅडम, आणखी पाचशे किलो घेतोय” असं फोनवर म्हणतो, तेव्हा तो कशाची तरतूद करत असतो, हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं. ती वेळेची तरतूद असते. विचार करायला आणखी बारा मिनिटं.

त्याच वेळी स्क्रीनवर कंपनीचा संदेश आल्याची खूण उमटली. आमच्या ऑफिसातून कुणीतरी विचारलं होतं, इंधन किती उरलंय. प्रश्न योग्य होता, काळजीपोटी होता, पण दोघांपैकी कुणाचाच हात रिकामा नव्हता. फर्स्ट ऑफिसरने एक नजर टाकली आणि सोडून दिलं. उत्तर विमान धावपट्टीवरून बाहेर वळल्यावर गेलं. आमच्याकडे खाली बसलेल्या माणसाला ती वीस मिनिटं किती लांब वाटली असतील, ते मी जाणते. तेव्हापासून संदेश पाठवण्याआधी विमान उतरणीला लागलंय का ते मी बघते, लागलं असेल तर उत्तराची अपेक्षा न ठेवता फक्त त्यांना उपयोगी पडेल ते कळवते.

त्या खुर्चीवरून पाहिल्यावर एखाद्या ठिकाणाबद्दलचाही समज बदलतो. हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही समुद्रावरून, पश्चिमेकडून, मुंबईत उतरत होतो. किनाऱ्यावर आधी जुहूची धावपट्टी दिसते, तिच्यामागे आमच्या विमानतळाची, सांताक्रूझची. दिशा जवळजवळ सारखी, एकीचा क्रमांक ०८ आणि दुसरीचा ०९. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ चुकून जुहूला उतरलं होतं, हे प्रशिक्षणात शिकवलं जातं, आणि वर्गात ऐकताना कुणालाही वाटतं, एवढी मोठी चूक होतेच कशी? सकाळच्या धुरकट हवेत दोन्ही पट्ट्या एकामागे एक समोर आल्या, तेव्हा ते कसं होतं हे दिसलं.

तिसऱ्या माणसाने गप्प बसायचं हे खरं, पण काही दिसलं तर बोलायचंही असतं. सूचना देतानाच कमांडर सांगतो, “काही विचित्र वाटलं तर सांग.” दोन माणसं एकाच अडचणीत गुंतली की दोघांचीही नजर अरुंद होते. मागे बसलेल्याला हाताने काही करायचं नसतं, म्हणून त्याला जास्त दिसतं.

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला निघालं. एका बिघडलेल्या सेन्सरमुळे विमानातली यंत्रणा नाक पुन्हा पुन्हा खाली ढकलत होती. त्या दिवशी कॉकपिटमध्ये एक तिसरा वैमानिक होता, ड्युटीवर नसलेला, प्रवास करणारा. नंतर समोर आलेल्या माहितीनुसार नाक वर-खाली करणारी शेपटीकडची विद्युत ट्रिम बंद करण्याकडे लक्ष वेधायला त्याची मदत झाली. ट्रिम बंद केली गेली, विमान जकार्ताला नीट उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांना घेऊन उडालं आणि जावा समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. दोष त्या रचनेचा होता, जी एकाच सेन्सरवर विसंबून राहत होती, आणि आदल्या दिवशी काय घडलं, काय करून ते थांबवलं, याची पूर्ण नोंद पुढच्या वैमानिकांपर्यंत पोचली नव्हती, हाही दोष होता. रिकाम्या जंपसीटमुळे ते विमान पडलं असं मी म्हणणार नाही. पण आदल्या रात्री ती रिकामी नव्हती, हे मी प्रत्येक नव्या डिस्पॅचरला सांगते.

याहून जुनी गोष्ट डेनिस फिच यांची. १९ जुलै १९८९, युनायटेडचं डीसी-१०. मागच्या इंजिनाचा पंखा फुटला आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. सुकाणू हलवून काहीच होईना. फिच त्याच विमानात प्रवासी म्हणून बसले होते, आणि ते डीसी-१० चे प्रशिक्षक होते. ते उठून थेट पुढे गेले नाहीत. त्यांनी फ्लाइट अटेंडंटला सांगितलं, मी अमुक आहे, कॅप्टनला माझी मदत हवी आहे का विचारा. कॅप्टन अल हेन्स यांनी बोलावलं तेव्हा ते आत गेले आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल कमीजास्त करत विमान वळवायला मदत करू लागले. सू सिटीच्या धावपट्टीवर ते विमान आपटून फुटलं, तरी २९६ पैकी १८४ माणसं वाचली. मागणं कसं असावं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपण कोण ते सांगितलं, आपल्याला काय येतं ते सांगितलं, आणि निर्णय कॅप्टनवर सोडला.

आता दुसरी बाजू, कारण तीही या खुर्चीचीच आहे. मार्च १९९४ मध्ये एरोफ्लोटचं ए३१० मॉस्कोहून हाँगकाँगला जात होतं. कॅप्टनने आपल्या मुलांना कॉकपिटमध्ये आणलं आणि स्वतःच्या जागेवर बसवलं. पंधरा वर्षांच्या मुलाने सुकाणूवर काही सेकंद जोर दिला, त्याने ऑटोपायलटचा एक भाग सुटला आणि कुणाच्या चटकन लक्षात आलं नाही. सैबेरियात विमान कोसळलं, ७५ माणसं गेली. त्यात तीही मुलं होती. पुढच्याच महिन्यात, ७ एप्रिलला, फेडएक्सच्या मेंफिसहून निघालेल्या मालवाहू विमानात त्याच कंपनीचा एक कर्मचारी जंपसीटची सवलत घेऊन चढला. त्याच्या सामानात हातोडे आणि मासे मारायची स्पिअरगन होती. तिघा वैमानिकांची डोकी त्याने फोडली, तरी त्यांनी त्याला आवरत विमान परत उतरवलं. आणि २२ ऑक्टोबर २०२३ रोजी एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या होरायझन एअरच्या विमानात, जंपसीटवर बसलेल्या ड्युटीवर नसलेल्या वैमानिकाने दोन्ही इंजिनं बंद करणारी हँडल्स ओढायचा प्रयत्न केला. पुढच्या दोघांनी त्याचे हात धरले, म्हणून ते टळलं. त्याच्याकडे ओळखपत्र होतं, परवाना होता, अनुभव होता. म्हणूनच मला वाटतं, कागद तपासून झाल्यावरही कमांडरने माझ्याकडे नीट बघावं, दोन वाक्यं बोलावीत, आणि मन खाईल तर सरळ नाही म्हणावं.

११ सप्टेंबर २००१ नंतर तर दरवाजाच बदलला. आयकाओच्या नियमाने १ नोव्हेंबर २००३ पासून साठांहून अधिक आसनांच्या किंवा ४५,५०० किलोंहून जड प्रवासी विमानांत बंदुकीची गोळी अडवेल असा कॉकपिट दरवाजा सक्तीचा झाला. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने याच दरवाजाआड स्वतःला कोंडून घेतलं आणि बाहेर गेलेल्या कॅप्टनला आत येता आलं नाही. आल्प्समध्ये १५० जीव गेले. दरवाजा पक्का केला की आत कोण आहे हा प्रश्न आणखी मोठा होतो.

आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०२३ च्या एअर इंडियाच्या दुबई-दिल्ली विमानात कमांडरने ओळखीच्या व्यक्तीला कॉकपिटमध्ये बसू दिलं. डीजीसीएने त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला आणि कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. त्या निकालातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग मला वेगळाच वाटतो. सहवैमानिकालाही समज मिळाली, ठामपणे विरोध केला नाही म्हणून. शेजारच्या खुर्चीवरच्या कनिष्ठ माणसाने “सर, हे बरोबर नाही” म्हणणं हा त्याच्या कामाचा भाग आहे, असाच त्याचा अर्थ. आपल्या हाताखालच्या माणसांना अदबीने वागायला शिकवणाऱ्या समाजात हे वाक्य उच्चारायला फार बळ लागतं.

घरच्यांना हे समजावताना जीव तुटतो. मामेभावाचा मुलगा सातवीत आहे, विमानांचं वेड. “आत्या, मला एकदा कॉकपिटमध्ये बसव ना, फक्त मुंबई ते गोवा.” पूर्वी एअर होस्टेस मुलांना उडत्या विमानात कॉकपिट दाखवून आणत असत, आणि मी ओळखते त्यांतल्या कित्येक वैमानिकांचं वेड तिथूनच सुरू झालं. ते गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी मी त्याला नाही म्हटलं, आणि दुसरा रस्ता सांगितला. विमान उतरून गेटवर लागलं, इंजिनं बंद झाली, सगळे प्रवासी खाली उतरले, की केबिन क्रूला विचार, “कॅप्टन मोकळे असतील तर एक मिनिट कॉकपिट बघू का?” चढताना विचारू नकोस, तेव्हा आत आकडे भरणं आणि तपासणी चाललेली असते. पुढच्या उड्डाणाची घाई असेल तर नाही म्हणतील. त्याने विचारलं त्या वेळी घाई नव्हती. कॅप्टनने बोलावलं, रडारचा पडदा दाखवला, आणि “शाळेत गणित कसं आहे?” असं विचारलं. मुलगा घरी येऊन मला होल्डिंग म्हणजे काय ते समजावत होता.

माझी तक्रार आहे ती आमच्याच काही लोकांच्या वृत्तीबद्दल. फॅम फ्लाइट म्हणजे एक सही, असं धरून काही जण स्वच्छ हवेतली, छोटी, घराकडे नेणारी फ्लाइट निवडतात आणि वर्षाचा कोटा उरकतात. त्यात शिकायला काही नसतं. त्या खुर्चीवर बसण्याचा हक्क आपल्याला मिळतो तो आपल्या कामात फरक पडावा म्हणून, आणि फरक वाईट हवेतच पडतो. नवीन मुलं विचारतात, पहिली कोणती घेऊ? मी जुलै महिन्यातली, संध्याकाळी मुंबईत उतरणारी सांगते. वही घेऊन जा, दहा हजार फुटांखाली ती मिटून ठेव, आणि विमान उभं राहिल्यावर कमांडरला एकच प्रश्न विचार, “आज आमच्या आराखड्यात काय कमी होतं?”

उत्तरं मिळतात. कुणी एअरोब्रिजवर चालता चालता सांगतं, कुणी कागद पसरून बसतं. मागच्या पावसाळ्यात मला मिळालेलं उत्तर असं होतं, इंधन ठीक होतं, पण पर्यायी विमानतळावर विमान उभं करायला जागा उरलेली नाही हे आम्हाला हवेत असताना कळलं, ते निघण्याआधी कळायला हवं होतं. आता आमच्या शिफ्टमध्ये पाऊस लागला की आराखडा पाठवण्याआधी पर्यायी विमानतळावर फोन जातो आणि किती जागा मोकळ्या आहेत ते कागदावर लिहिलं जातं.